सांधणारे सिद्रामआप्पा

सिद्रामआप्पा जेवता जेवता मध्येच थांबत. घास हातात, मान किंचित डावीकडे. घरातली माणसेही त्यांच्याबरोबर थांबत. मग ते विचारत, "आवाज कुणाचा थांबला?"

वडगावच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना हातमाग होते. दारातून आत गेले की जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला विणकर, आणि उजाडल्यापासून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची ये-जा. परक्या माणसाला तो सगळा एकच गोंगाट वाटे. आप्पांना त्यात घरे ऐकू येत. एखादा माग थांबण्याची कारणे बहुधा साधी असत. धागा तुटलेला असे, विणकर पाणी प्यायला उठलेला असे, नाहीतर पोराला धपाटा घालायला. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू होई आणि आप्पांचा घास तोंडात जाई. सुरू झाला नाही तर ते ताट सरकवत आणि पायात काही न घालता बाहेर पडत.

मी त्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि बेळगावातल्या एका साप्ताहिकात काम करीत होतो. बाजारभावांचा रकाना माझ्याकडे होता. आप्पांशी माझा परिचय वाढला तो या रकान्यामुळे.

त्यांचे काम सांधणीचे. लुगड्याच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. मागावरचा ताणा विणून संपत आला, की विणकर त्याचे शेवटचे वीतभर टोक मागाच्या फणीत तसेच राहू देतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकातल्या एकेका धाग्याला जोडायचा आणि मग सगळे अलगद पुढे ओढून घ्यायचे. फणी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागत नाही. जोड गाठीचा नसतो. बोटांना राख लावून दोन धागे एकमेकांत वळवायचे, एवढेच. आमच्या समोर शिवाप्पाचे घर होते. त्याच्या आज्याने घातलेला माग तेव्हापासून कधी रिकामा झाला नव्हता. एका ताण्याच्या टोकाला दुसरा, दुसऱ्याच्या टोकाला तिसरा, असे ते चालत आले होते. आज्याच्या वेळचे जोड आप्पांच्या वडिलांनी केले होते, पुढचे आप्पांनी.

राख शेणीची असे, कापडातून गाळलेली. ती ते तांब्याच्या लहान डबीत ठेवत. बोटांचे शेंडे मऊ राहावेत म्हणून त्यांनी कधी लाकूड फोडले नाही, चुन्याला हात लावला नाही, विहिरीचा दोर ओढला नाही. शिवाप्पाची बायको गंगाक्का त्यांना छेडत असे.

"आप्पा, आंघोळीला तरी बोटं भिजवता न्हवं?"

"भिजवतो की. पाळीपाळीनं."

सांधणीच्या दिवशी घरातली विळी, कातर, अडकित्ता, जे काही धारेचे असेल ते शेजारच्या घरी नेऊन ठेवत. गंगाक्का हे काम सकाळी सगळ्यात आधी करी. वाढलेली टोके आप्पा दातांनी तोडत. मागावरच्या अपुऱ्या ताण्याला लोखंड लावायचे नाही, असा तिथला रिवाज होता. लावायचीच वेळ आली तर ज्याने सांधले त्यानेच लावायचे, आणि ती वेळ म्हणजे त्या घरात माग चालवणारे कोणी उरले नाही. प्लेगच्या काळात आप्पांच्या वडिलांवर अशी वेळ एकदा आली होती. त्याबद्दल आप्पा बोलत नसत. ते घर आले की मात्र रस्त्याची बाजू बदलत.

आप्पा भित्रे आहेत, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. पण विजेला, सापाला, पोलिसाला ते भीत नसत. फणीत टोक तयार आहे आणि पुढचा ताणा आलाच नाही, ही एकच गोष्ट त्यांना भिववी. विणकराच्या घरी एवढे झाले की धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका बसून राहतात, खळ लावणारे बसतात, रंगारी बसतो. आप्पा ज्या घरी सांधायला येत त्या घरात त्या दिवशी गोडाचे करीत. ते आले म्हणजे काम आले.

एकतीस सालच्या अखेरीला जपानने आपले चलन, येन, सोन्यापासून सोडवले. रुपया पौंडाला बांधलेला होता, तो तिथेच राहिला. पुढचे वर्षभर येन घसरत गेला. मुंबईच्या पत्रांतून त्याचा भाव आमच्याकडे येई आणि आमच्या रकान्यात सरकीच्या आणि गुळाच्या भावाखाली एका ओळीत बसे. ती ओळ बेळगावात फार थोडे लोक वाचत असावेत. वडगावात तिचे काम होते. काठा-पदराला लागणारे नकली रेशीम जपानहून येई, मुरगावच्या बंदरात उतरून लोंढ्यामार्गे. तेच सूत एकाएकी स्वस्त झाले. पूर्वी जे फक्त काठाला परवडे ते आता सबंध लुगड्याच्या ताण्याला परवडू लागले. गल्लीत काम वाढले. आप्पांना उसंत मिळेना.

आणि तेव्हाच ते आमच्या छापखान्यात यायला लागले. त्यांना वाचता येत नव्हते. दारात उभे राहून येनबद्दल विचारत, "तो वर गेला का खाली?"

छपाईचे खिळे जुळवणारा आमचा जुळारी थट्टेखोर होता. तो खिळ्यांवरून मान वर न करता म्हणाला, "आप्पा, तुमचा जावई आज परत पायरीवरनं घसरला."

"लई लागलं का?"

"त्याला काय लागतंय. उठतोय, परत घसरतोय."

"मग दुसऱ्याच कुणाला तरी लागत असंल," आप्पा म्हणाले. जुळारी हसला. आप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "वो पेपरवाले, एवढं स्वस्त कशानं हुतंय, जरा सांगा की. फुकट घावलेल्याचं मोल मागनं कुणीतरी मागतंयच."

मी सांगितले. जपानचा व्यापारी आपला माल येनमध्ये विकतो. येन उतरला की तेवढ्याच मालाला आपल्याला कमी रुपये पडतात. त्याचा माल जास्त खपतो आणि त्याच्याकडच्या लोकांना काम मिळते.

"आणि उद्या तो परत चढला म्हंजे?"

"सूत महाग होईल."

माझ्या बोलण्यातला एवढाच भाग ते घरी घेऊन गेले.

सूत देणारा आणि तयार लुगडी उचलणारा सावकार शहापुरात होता. त्याच्या ओट्यावर गल्लीतले विणकर जमत तेव्हा आप्पा सहसा मागे उभे राहत. त्या दिवशी ते पुढे गेले.

"ताणं लांब घाला," ते म्हणाले. "दुप्पट घाला. आता सूत स्वस्त हाय. परत चढलं तर सावकार हात आखडणार. एकदा मागावर चढलेलं कोण काढून न्हेत न्हाय. वरीसभर तरी माग थांबायचा न्हाय."

शिवाप्पा म्हणाला, "आप्पा, ताणं लांब झालं तर सांधायला तुमाला कोण बोलवणार? तुमचंच काम निम्मं हुतंय की."

"नका बोलवू. माझं मी बघतो. आवाज चालू ऱ्हाऊ दे."

माणूस आपल्याच पोटावर पाय देऊन बोलतो आहे, हे सर्वांना दिसत होते. म्हणून गल्लीने त्यांचे ऐकले. सावकारालाही ते पटले. त्याने सूत भरून ठेवले होते.

तसे लांब ताणे वडगावात कोणी पाहिले नव्हते. ताण्याला खळ लावायची तर तो रस्त्यात ताणून धरावा लागतो. हे ताणे गल्लीत मावेनात. विहिरीवरून वळवून ते देवळाच्या पारापर्यंत न्यावे लागले. बायका-पुरुष दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत होते. गाडीवाले खोळंबले, कुरकुर करू लागले, मग तेही उतरून बघत बसले. आप्पा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते आणि प्रत्येक गाडीच्या बैलाकडे संशयाने बघत होते. त्यानंतर त्यांनी घरोघरी सांधणी केली. गंगाक्काने सांज्याच्या पोळ्या केल्या. "आता वरीसभर तुमचं तोंड बघायला नगं," ती म्हणाली. आप्पांनी हात जोडले. इतके निर्धास्त मी त्यांना त्याआधी किंवा नंतर पाहिले नाही.

काही महिन्यांनी सावकार संकेश्वरच्या बाजाराहून लुगडी तशीच परत घेऊन आला. पुढच्या बाजारालाही तेच झाले. तिसऱ्या खेपेला आप्पा स्वतः जायला निघाले. मला बाजाराचा वृत्तांत हवा होता, म्हणून मीही त्याच मोटारीने गेलो.

कापडाच्या पालांत गर्दी होती. बायका उसाच्या फडातून तशाच आल्या होत्या आणि झुळझुळीत, फुलांचे छाप असलेले कापड हातात घेऊन बघत होत्या. आप्पांनी त्याचे एक टोक उचलले आणि अंगठ्याखाली धरले. त्यांनी ते बराच वेळ चोळले.

"कुठल्या मागाचं हे?"

"जपानचं, आप्पा. यंत्राचं हाय," दुकानदार म्हणाला. "न्ह्या की घरात. म्हातारी खूश हुईल."

आप्पांनी भाव विचारला. दुकानदाराने सांगितला. त्यांनी पुन्हा विचारला, त्याने पुन्हा तोच सांगितला.

"ह्येच्यात आमचं सूत सुदिक येत न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग इणता कशाला?" दुकानदाराने विचारले. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच कळत नव्हते.

परतीच्या मोटारीतून बेळगाव दिसू लागले तेव्हा आप्पा म्हणाले, "ज्यानं सूत स्वस्त झालं त्यानंच कापड बी स्वस्त हुणार. सूत त्यांच्याकडं, यंत्र त्यांच्याकडं. ह्ये मला कसं दिसलं न्हाय?" मग थोड्या वेळाने, "मी निस्तं तो वर चढंल म्हणून भ्यालो. खाली जाईल ह्येचं भ्या वाटलंच न्हाय."

त्यानंतरचे सगळे लवकर घडले. ज्या गल्ल्यांत ताणे नेहमीसारखे आखूड होते तिथले विणकर ते संपवून मोकळे झाले. सावकाराने त्यांना जाडे सुती सूत दिले. शेतात नेसायची जाडी लुगडी जपानहून येत नव्हती. आमच्या गल्लीत मागांवर अजून पुढचे कित्येक महिने पुरेल इतके नकली रेशीम होते. सावकार स्वतः आला आणि रस्त्यात उभा राहूनच बोलला.

"ह्ये इणलेलं मी उचलणार न्हाय. उचलून ठेवू कुठं? ताणं कापा, सूत परत द्या. सूत तरी इकून बघतो. सूत हातात आलं की घावंल तसं जाडं सूत देतो."

 जिवंत माणसाच्या घरात ताणा कापायचा, हे तिथे बोलून दाखवायचीही गोष्ट नव्हती. विणले तर कोणी घेत नाही, कापता येत नाही, आणि कापल्याशिवाय नवे काम नाही. गल्ली या तिढ्यात अडकली. आधी कांड्या भरणाऱ्या बायका बसल्या. गंगाक्काच्या दोन्ही मुलींनी कांड्यांचे रहाट फडक्याने झाकून ठेवले. मग विणकर हळू विणू लागले. मग एकेक आवाज बंद झाला. दिवसा त्या गल्लीतून जाताना आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येई आणि लोक दारात येऊन बघत. सिद्रामआप्पा आता आवाज थांबल्यावर दचकत नसत. एखादा माग सुरू झाला की दचकत.

एके दुपारी गंगाक्का त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. मी समोरच्या कट्ट्यावर होतो.

"आप्पा, सांधलंय तुमी. तोडायला बी तुमीच या."

"तुझा न्हवरा जित्ता हाय गं."

"जित्ता हाय म्हणूनच. निस्ता खड्ड्यात बसून ऱ्हातोय. पाय सोडून. इणत न्हाय, उठत न्हाय, जेवाय हाक मारली तर ओ देत न्हाय. माझा भाऊ निपाणीसनं निरोप धाडतोय, वखारीत तंबाखूचं काम हाय म्हणून. ह्यो म्हणतोय, मागावर ताणा हाय, कसा जाऊ?"

"मला जमायचं न्हाय."

"लांब घाला म्हणताना जमलं न्हवं," गंगाक्का म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.  आप्पांनी टोपी घातली.

विणकराच्या घरातली कातर त्यांनी घेतली नाही. कॅम्पातल्या एका शिंप्याकडून मागून आणली आणि पंच्यात गुंडाळून काखेत धरली. गल्लीत येताना ते भिंतीच्या कडेने चालत होते. बायकांनी पोरांना आत ओढून घेतले.

शिवाप्पा खड्ड्यात बसला होता. दारात माणसे जमली, पण आत कोणी गेले नाही.

"सरक," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी मेलो काय?"

"न्हाय."

"मग कशाला आलायसा?"

"मेला न्हाईस म्हणून शेपूट ठेवतोय. बघ, वीतभर ठेवतोय. फणी तशीच ऱ्हाऊ दे. काढू नगंस."

ताणा घट्ट असतो. कातर लागताच धागे सपकन मागे जातात आणि माग हादरतो. तो आवाज गल्लीत कोणी ऐकलेला नव्हता. एक म्हातारी दारातच हेल काढून रडू लागली. तिला बाकीच्यांनी गप्प केले. आप्पांनी फणीपुढची टोके हाताने सारखी केली, दोऱ्याने बांधली, आणि डबीतली चिमूटभर राख त्या गाठीला लावली. शिवाप्पा वर आला. पायांना मुंग्या आल्यामुळे त्याला भिंत धरून उभे राहावे लागले.

एका घरी झाल्यावर बाकीच्यांनी स्वतःच बोलावले. दिवस मावळायच्या आत लांब ताण्याची सगळी घरे झाली. प्रत्येक मागावर त्यांनी वीतभर टोक ठेवले आणि प्रत्येक घरी तेच सांगितले, फणी काढू नका. शेवटच्या घराबाहेर त्यांची मूठ कातरीवरून सुटेना. शिंप्याची कातर परत द्यायची होती. शिवाप्पानेच त्यांची बोटे एकेक करून मोकळी केली.

सावकाराने सूत नेले. जाडे सूत काही घरांना मिळाले, काहींना नाही. शिवाप्पा, गंगाक्का आणि मुली निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेले. गल्लीतली आणखी काही घरेही गेली. सांधायला काही उरले नाही, तेव्हा आप्पाही त्यांच्या मागोमाग गेले. सरकारने जपानी कापडावरची जकात वाढवली, नंतर आणखी वाढवली. आमच्या साप्ताहिकाने त्याचे स्वागत केले. ते स्वागत मीच लिहिले होते. त्या अंकाच्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या दारांना बाहेरून कड्या घातलेल्या होत्या.

पुढे एकदा निपाणीत आप्पा मला वखारीच्या दारात दिसले. ते पाने निवडायच्या कामावर होते. अंगावर, भुवयांवर तंबाखूची धूळ होती. बोटे तपकिरी झाली होती. कमरेला डबी होती. वखारीतला कोणी तरी म्हणाला, "आप्पा, त्या डबीत चिमूटभर तंबाखू तरी भरा. राख घेऊन काय फिरताय?" त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मला पाहून त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. मी सांगितले, येन खालीच आहे. त्यांनी मान हलवली आणि खोकत आत गेले.

जपान लढाईत उतरला तेव्हा तिकडचा माल बंद झाला. गिरण्या फौजेच्या कापडाला लागल्या आणि हातमागाच्या लुगड्यांना पुन्हा मागणी आली. गेलेल्या घरांपैकी काही घरे वडगावला परतली. मी तोवर दुसऱ्या गावी दैनिकात होतो. सुताच्या टंचाईवर लिहायला म्हणून आलो आणि जुन्या गल्लीत गेलो. माग थोडेच होते, पण आवाज होता.

शिवाप्पाच्या घरी सांधणी चालू होती. आप्पा मागापुढे बसले होते. त्यांना आता फारसे दिसत नव्हते. एक मुलगी एकेक धागा त्यांच्या बोटांत देत होती. इतकी वर्षे फणीत राहिलेले टोक कसरीने खाल्ले होते. वळवलेला धागा मध्येच तुटे. आप्पा चाचपून त्याच्या मागचा चांगला भाग शोधत, बोटांना राख लावत आणि पुन्हा वळवत.

शिवाप्पा म्हणाला, "आप्पा, सूत परत घावंल का न्हाय, कुणाला ठावं. घावलंय तवर पुढचा ताणा लांब घालूया व्हय?"

आप्पांचे हात थांबले. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. "पेपरवाले आलंत न्हवं? तो काय म्हणतोय? वर का खाली?"

"लढाई चालू आहे, आप्पा. व्यवहारच नाही. त्याचा भाव लागत नाही. आम्ही ती ओळ काढून टाकली."

"तुमी काढली. तो हाय न्हवं अजून?"

"आहे."

"आखूड घाल," ते शिवाप्पाला म्हणाले, आणि पुढच्या धाग्यासाठी बोटे पुढे केली.

मी निघालो तेव्हा एक टोक वाढले होते. ते त्यांनी पूर्वीसारखे दातांनीच तोडले. त्यांच्या उजव्या गुडघ्याशी, फडक्यावर, त्यांनीच आणलेली उघडी कातर ठेवलेली होती. मधूनमधून त्यांचा हात तिकडे जाई, ती जागेवर आहे ना हे बघे आणि परत येई. गंगाक्का विळी शेजारच्या घरी ठेवून आली होती. तिने ती कातर पाहिली, आणि वळसा घालून आत गेली.